विशी आणि पन्नाशी एकाच बाकावर

शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी क्षणभर थांबतात. पुढच्या बाकावरचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी प्रश्न पुरता संपण्याआधीच हात वर करतो. त्याच्या मागे बसलेल्या बावन्न वर्षांच्या बाई मात्र अजून प्रश्नच मनात घोळवत असतात. उत्तर त्यांना येत असते, पण ते कोणत्या शब्दांत मांडावे याची जुळवाजुळव होईपर्यंत पहिले उत्तर देऊन झालेले असते आणि शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळलेले असतात. असे पाच-सहा वेळा घडले की वर्गातल्या सर्वांचा, आणि त्या बाईंचाही, एक समज पक्का होतो: तरुणांना पटकन समजते, वय झालेल्यांना वेळ लागतो. या वाक्याचा उत्तरार्ध बराचसा खरा आहे. घोटाळा पूर्वार्धात आहे, कारण तिथे ‘पटकन उत्तर देणे’ आणि ‘समजणे’ या दोन निराळ्या गोष्टी एकच धरल्या गेल्या आहेत.

नुकतेच शालेय शिक्षण संपवलेले तरुण आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले प्रौढ एकत्र शिकत आहेत असे वर्ग आता कितीतरी विषयांत दिसतात. नवी भाषा, हिशेबलेखन, संगणक, रुग्णशुश्रूषा, पदवीचा अभ्यासक्रम, यांपैकी काहीही शिकवायचे असले तरी शिक्षकाची पहिली अडचण सारखीच असते: कोणाला डोळ्यांसमोर ठेवून शिकवायचे? बहुतेक जण नकळत मधला वेग पकडतात आणि दोन्ही टोकांना थोडेथोडे नाराज करतात. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. वयामुळे वर्गात तीन गोष्टी बदलतात: उत्तर तयार होण्याचा वेग, विषयाबद्दल आधीपासून असलेली माहिती आणि चारचौघांत चुकण्याची भीती. या तिन्हींचा विचार वेगवेगळा केला, तर एकाच वर्गात दोन पिढ्यांना शिकवणे वाटते तितके कठीण राहत नाही.

वेगापासूनच सुरुवात करू, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८ मध्ये प्रौढांच्या शिकण्याविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. मोठ्या माणसांना नवे काही शिकता येत नाही, ही त्या काळातली सर्वमान्य समजूत त्यांनी खोडून काढली. शिकण्याची क्षमता विशी-पंचविशीनंतर कमी होते खरी, पण अत्यंत संथपणे, वर्षाला साधारण एक टक्का या गतीने, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे त्यांचेच सहकारी अर्व्हिंग लॉर्ज यांनी या एक टक्क्यालाही हरकत घेतली. अशा चाचण्या घड्याळ लावून घेतल्या जातात, त्यामुळे त्यांत क्षमतेबरोबर वेगही मोजला जातो, आणि वेळेचे बंधन काढले की वयामुळे दिसणारी घसरण बरीचशी नाहीशी होते, असे त्यांचे म्हणणे होते. इतका जुना मुद्दा आजही बहुतेक वर्गांत पोहोचलेला नाही, याचे मला नवल वाटते.

वेग मंदावतो हे नाकारण्याचे कारण नाही. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांनी २०१५ मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवले की, मनाच्या सर्व क्षमता एकाच वयात शिखर गाठत नाहीत. माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याची गती अठरा-एकोणीस वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असते, अल्पकालीन स्मृती पंचविशीच्या आसपास शिखरावर असते, तर शब्दसंग्रह साठीपर्यंत किंवा त्यानंतरही वाढत राहतो. त्याआधी कित्येक वर्षे रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले होते. अगदी नव्या कोड्याला भिडणारी ती प्रवाही बुद्धी, आणि आयुष्यभर जमत गेलेल्या ज्ञानावर चालणारी ती संचित बुद्धी. पहिली लवकर उतरणीला लागते, दुसरी उशिरापर्यंत टिकते आणि वाढतेही. थोडक्यात, एकोणीस वर्षांच्या मुलाची आणि बावन्न वर्षांच्या बाईंची तुलना करताना आपण कोणती मोजपट्टी हातात घेतली आहे, यावर निकाल अवलंबून असतो, आणि वर्गात ती मोजपट्टी बहुधा हात वर होण्याच्या क्षणाचीच असते.

या संदर्भात टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला टंकलेखकांचा अभ्यास मला फार बोलका वाटतो. वयस्क टंकलेखकांची बोटे एकेका कळीवर तरुणांपेक्षा सावकाश चालत होती आणि संकेत दिल्यावर प्रतिसाद द्यायलाही त्यांना अधिक वेळ लागत होता, तरीही पूर्ण मजकूर टंकित करण्याचा त्यांचा एकूण वेग कमी पडला नाही. कारण त्यांची नजर मजकुरात अधिक पुढे धावत होती. बोट एका अक्षरावर असताना डोळे पुढच्या अक्षरांची तयारी करत होते. संथ पडलेल्या हाताची भरपाई सराव असलेली नजर करत होती. मात्र यासाठी पुढचे दिसावे लागते. पुढची अक्षरे झाकून ठेवली, तर हा फायदा उरत नाही.

वर्गात शिक्षक नेमके हेच झाकून ठेवतात. आज काय होणार आहे, कोणत्या क्रमाने होणार आहे, शेवटी काय करून दाखवायचे आहे, हे आधी सांगितलेले नसते. तासाच्या आरंभी फळ्याच्या एका कडेला तीन-चार ओळींत आजचा क्रम लिहून ठेवणे आणि पुढच्या तासाचा मजकूर आदल्या वेळीच हाती देणे, एवढे केले तरी प्रौढ विद्यार्थ्याला पुढे पाहण्याची सोय होते. तरुण विद्यार्थ्याचे यात काही बिघडत नाही.

प्रश्न विचारल्यानंतरच्या शांततेचेही तसेच. मेरी बड रो यांनी शाळांतील विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासून १९७० च्या दशकात दाखवले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हा विराम तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला, तेव्हा उत्तरे लांबली, त्यांत कारणे येऊ लागली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. ही निरीक्षणे लहान मुलांच्या वर्गांतली आहेत. लहान मुलांनाही जिथे एक सेकंद अपुरा पडतो, तिथे मिश्र वयाच्या वर्गाची गोष्टच निराळी. अशा वर्गात मी तीन सेकंदांवरही विसंबणार नाही. प्रश्न फळ्यावर लिहावा, अर्धा मिनिट सर्वांनी आपापल्या वहीत उत्तर लिहावे, आणि मगच बोलण्यास सुरुवात व्हावी. या अर्ध्या मिनिटाचा लाभ केवळ वयस्कांना होत नाही. झटकन हात वर करणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपले पहिले उत्तर कागदावर उतरलेले पाहावे लागते, आणि ते पाहताच तो पुष्कळदा स्वतःच खोडतो.

आता दुसरी गोष्ट, आधीची माहिती. प्रौढांजवळ अनुभवाचा साठा असतो आणि तो वर्गाला समृद्ध करतो, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे असले तरी अर्धेच सांगून झालेले असते, कारण तोच अनुभव वाटही अडवतो. समजा, संगणकावरच्या कोष्टकात हिशेब मांडण्याचा वर्ग आहे. वीस वर्षे हाताने खतावणी केलेले गृहस्थ रकमा कोष्टकात भरतात, बेरीज मात्र गणकयंत्रावर करतात आणि आलेला आकडा शेवटच्या चौकटीत टाइप करतात. वरची एखादी रक्कम बदलली की बेरीज जुनीच राहते आणि त्यांना यंत्र चुकले असे वाटते. बेरजेची चौकट ही आकडा लिहून ठेवायची जागा नसून सूत्र ठेवायची जागा आहे, ही कल्पना त्यांच्या जुन्या सवयीला आडवी जाते. शेजारच्या तरुणीला सूत्र दोन मिनिटांत जमते. पण नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्या नाहीत तर काय बिघडले असेल, हे तिला ठाऊक नसते. त्या गृहस्थांना तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा, जुळली नाही की चूक कोणत्या पानावर असेल याचा अंदाज बसल्या जागी येतो. आणि तेरीज जुळली म्हणजे सगळे बरोबर असे मुळीच नाही, कारण एका खात्याची रक्कम दुसऱ्याच खात्यात गेली तरी बेरजा जुळतातच, हेही त्यांनी हात पोळून घेऊन शिकलेले असते.

अशा वेळी शिक्षकाने जुनी सवय चुकीची ठरवून बाजूला सारायला सांगितले, तर दोन्हीकडून नुकसान होते. जुनी पद्धत आधी पूर्ण मांडू द्यावी, तिची प्रत्येक पायरी फळ्यावर घ्यावी, आणि नव्या साधनात त्यांपैकी कोणती पायरी तशीच राहते, कोणती यंत्र करते आणि कोणती अजूनही माणसानेच करायची असते, हे शेजारी लिहीत जावे. त्या गृहस्थांना आपले ज्ञान वाया गेले नाही हे दिसते, आणि यंत्र पडद्याआड काय करते आहे हे तरुणीला प्रथमच कळते. यात अर्धा तास जातो, पण पुढचे कित्येक तास वाचतात.

याच ठिकाणी आणखी एक बारकावा आहे. स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या एका लेखात दाखवून दिले की, पायरीपायरीने दिलेले तपशीलवार मार्गदर्शन नवख्याला उपयोगी पडते, पण विषय जाणणाऱ्याला तेच अडथळा ठरते, कारण माहीत असलेले पुन्हा वाचण्यात आणि ते आपल्या समजुतीशी पडताळण्यात त्याची शक्ती खर्च होते. मिश्र वर्गात यातून पेच निर्माण होतो, आणि वय पाहून तो सुटत नाही. वर सांगितलेले गृहस्थ हिशेबात जाणकार आहेत आणि संगणकात नवखे, तर तरुणीचे नेमके उलटे आहे. यावर एक साधा उपाय असा की, सरावाच्या कागदाच्या पुढच्या बाजूला केवळ प्रश्न छापावा आणि मागच्या बाजूला त्याच्या पायऱ्या. ज्याला हव्या असतील तो कागद उलटेल, नको असतील तो उलटणार नाही, आणि कोण उलटतो आहे याकडे कोणाचे लक्षही जाणार नाही.

प्रौढशिक्षणाचा विषय निघाला की माल्कम नोल्स यांचे नाव येतेच. मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आणि प्रौढांना शिकवण्याचे वेगळे, हा विचार त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून सर्वदूर नेला. प्रौढशिक्षणशास्त्राला दिलेला ‘अँड्रागॉजी’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने तो १८३३ मध्येच वापरला होता. नोल्स यांच्या मते प्रौढ माणूस स्वतःची दिशा स्वतः ठरवू इच्छितो, अनुभवाशी जोडून शिकतो आणि ज्याचा लगेच उपयोग आहे तेच त्याला हवे असते. हे सूत्र हाती धरून काही शिक्षक वर्गाचे सरळ दोन भाग करतात: तरुणांना व्याख्यान आणि प्रौढांना चर्चा. पण स्वतः नोल्स तिथे थांबले नाहीत. त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या उपशीर्षकात ही दोन शास्त्रे एकमेकांविरुद्ध उभी केलेली होती, १९८० च्या सुधारित आवृत्तीत मात्र ‘एकाकडून दुसऱ्याकडे’ असा प्रवास आला. पद्धत माणसाच्या वयावर न ठरता परिस्थितीवर ठरते, हे त्यांना अनुभवाने पटले होते. पंचावन्नाव्या वर्षी एखादी भाषा अगदी मुळाक्षरांपासून शिकणाऱ्या माणसाला बोट धरून नेणारा शिक्षक हवा असतो, आणि लहानपणापासून संगणकाशी खेळलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला नुसते एक आव्हान दिले तरी तो आपली वाट शोधतो.

तिसरी गोष्ट भीतीची. तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. कामाच्या जागी ज्यांचा शब्द चालतो, घरी ज्यांचा सल्ला घेतला जातो, अशा माणसाला आपल्या मुलांच्या वयाच्या मंडळींसमोर चुकावे लागते, तेव्हा ती चूक त्यांना कित्येक पटींनी मोठी दिसते. ‘आता या वयात डोक्यात राहत नाही’ हे वाक्य अशा वेळी ढालीसारखे पुढे येते. शिक्षकाने ते सहानुभूतीने मान्य करणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा अपकार आहे. टॉमस हेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात, वयाबरोबर स्मृती ढासळते असा मजकूर आधी वाचलेल्या वृद्धांची स्मृतिचाचणीतील कामगिरी, दिलासा देणारा मजकूर वाचलेल्यांपेक्षा कमी भरली. म्हणजे वयावर केलेला हलकासा विनोदही वर्गात निरुपद्रवी राहत नाही, मग तो त्या विद्यार्थ्याने स्वतःवरच का केलेला असेना. याउलट, जॅनेट मेटकाफ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासात सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर चुकलेली उत्तरे, खुलासा मिळाल्यानंतर, वयस्कांनी तरुणांपेक्षाही चांगल्या प्रकारे दुरुस्त केली. खरे उत्तर काय आहे हे जाणून घेण्याकडे त्यांचे लक्ष अधिक होते. तेव्हा वयस्क विद्यार्थ्याची चूक दाखवायचे टाळणे म्हणजे जिथे तो बळकट आहे तीच संधी काढून घेणे होय.

तरुणांचीही एक भीती असते आणि ती सहज नजरेआड होते. वयाने मोठ्या माणसाचे म्हणणे खोडणे त्यांना उद्धटपणाचे वाटते, म्हणून ते चुकीच्या विधानावरही मान डोलावतात. ज्या भाषांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन पर्याय आहेत, तिथे ही गाठ आणखी घट्ट बसते. शिक्षक अर्ध्या वर्गाला ‘तू’ आणि अर्ध्या वर्गाला ‘तुम्ही’ म्हणू लागले की पहिल्याच दिवशी वर्गाचे दोन तुकडे पडतात. तास चालू असताना सर्वांना ‘तुम्ही’ म्हणावे, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. सुरुवातीला तरुणांना थोडे अवघडल्यासारखे होते, पण आपल्याला मोठ्यांच्या बरोबरीने धरले आहे ही जाणीव त्यांना लवकर आवडू लागते.

जोड्या लावताना विशेष सावध राहावे लागते. तरुण आणि वयस्क अशी जोडी लावली की दोघे एकमेकांकडून शिकतील, हा आशावाद चांगला आहे, परंतु प्रत्यक्षात संगणकाचा माउस दोन मिनिटांत तरुणाच्या हाती जातो आणि दुसरा केवळ पाहत राहतो. किंवा संभाषणाच्या सरावात सगळे बोलणे वयस्क करतात आणि तरुण ‘हो’, ‘नाही’ यांवर भागवतो. त्यामुळे काम वाटून द्यावे लागते. ज्याला येते त्याने तोंडी सांगायचे, हात लावायचा नाही. ज्याला येत नाही त्याने करायचे. आणि दहा मिनिटांनी विषय बदलून भूमिका बदलायच्या. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शाळांत, वंशावरून तणाव असलेल्या वर्गांसाठी, एक पद्धत आखली होती. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाने एकेक तुकडा शिकून यायचा आणि इतरांना शिकवायचा; कोणाच्याही तुकड्यावाचून चित्र पुरे होत नाही. कारण वेगळे असले तरी ती पद्धत वयाच्या अंतरालाही लागू पडते, कारण तिथे ऐकून घेणे हा सौजन्याचा भाग न राहता गरजेचा होतो. एक मात्र टाळावे: तरुणांना कायमचे ‘तांत्रिक मदतनीस’ करून ठेवणे. तेही शिकायलाच आलेले असतात.

अनुभवाच्या गोष्टी सांगण्यात रमणारे एखादे विद्यार्थी बहुतेक वर्गात असतातच. त्यांना तोडून टाकणे बरे दिसत नाही आणि चालू दिले तर तास संपतो. अशा वेळी गोष्ट थांबवण्याऐवजी तिला कामाला लावावे. ‘आपण आज जो नियम पाहिला, तो तुमच्या या प्रसंगात नेमका कुठे लागू पडला?’ असा प्रश्न विचारला की बोलणारे स्वतःच गोष्ट आवरती घेऊन मुद्द्यावर येतात, आणि नियम लागू पडलाच नसेल तर उत्तम चर्चा सुरू होते.

शरीराशी निगडित बाबी थोडक्यात सांगतो. जवळचे वाचायला चाळिशीनंतर बहुतेकांना चष्मा लागतो, आणि साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणून खोलीत भरपूर उजेड आणि मोठी अक्षरे या सवलती नसून प्राथमिक गरजा आहेत. वयपरत्वे उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात आणि आवाज येतो पण शब्द कळत नाही, अशी अवस्था होते. गोंगाटात ती आणखी बिकट होते. फळ्याकडे तोंड करून न बोलणे, एवढीच यावरची निम्मी उपाययोजना आहे.

उरला प्रश्न लक्षात राहण्याचा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर, मजकूर बाजूला ठेवून तो आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले. हा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, पण आठवून पाहण्याचा फायदा वयस्कांनाही होतो. तेव्हा प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे मागच्या वेळचे चार प्रश्न पुस्तक मिटून सोडवण्यासाठी ठेवावीत. त्यांना गुण देऊ नयेत आणि उत्तरपत्रिका गोळाही करू नये. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वयस्क मंडळी याला परीक्षा समजून बिचकतात. कागद आपल्याजवळच राहतो हे लक्षात आल्यावर ती धास्ती ओसरते.

गृहपाठ देताना, नोकरी, मुले आणि आजारी आईवडील सांभाळणाऱ्या माणसाला सलग दोन तास मिळत नाहीत, पण रोज पंधरा मिनिटे मिळू शकतात, हे ध्यानात ठेवावे. सुदैवाने थोडेथोडे, अंतर ठेवून केलेला अभ्यास अधिक टिकतो, त्यामुळे गृहपाठाचे लहान तुकडे पाडल्याने तरुणांचाही फायदाच होतो. अंतिम परीक्षेच्या बाबतीत शिक्षकाने स्वतःलाच एक प्रश्न विचारावा: या कौशल्यात वेग हा कौशल्याचा भाग आहे का? रुग्णाचा श्वास अडकल्यावर काय करायचे, यात वेग हाच कौशल्याचा गाभा आहे, आणि तिथे कोणालाही जादा वेळ देता येणार नाही. ताळेबंद मांडणे किंवा परभाषेत पत्र लिहिणे यांत तसे नाही, आणि अशा परीक्षेला दीड तासाऐवजी अडीच तास दिले तर लवकर उठून जाणारे उठून जातात, एवढाच काय तो फरक पडतो.